फळमाशीचा गंधसापळा : हापूसच्या बागेत दोन हंगाम वापरल्यानंतर

रत्नागिरी तालुक्यातील आमच्या सत्तर हापूस कलमांच्या बागेत मी गेले दोन हंगाम फळमाशीचे सापळे लावले. पिवळ्या रंगाचा तळ, त्यावर पारदर्शक घुमटासारखे झाकण आणि आत मिथिल युजेनॉल या गंधद्रव्यात भिजवलेली लाकडी वडी, असा हा सापळा कृषी सेवा केंद्रांत सहज मिळतो. वडीसह तो आम्हाला दीडशे रुपयांच्या आत पडला. तो घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र हा सापळा कोणत्या माशीला बोलावतो आणि कोणत्या माशीला त्याचा पत्ताही लागत नाही, हे समजून न घेता तो टांगला, तर मे महिन्यात निराशाच पदरी येते. पहिल्या वर्षी माझे तेच झाले. म्हणून हे परीक्षण थोडे विस्ताराने लिहीत आहे.

फळमाशीची मादी, जिचे शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस असे आहे, पोटाच्या टोकाशी असलेल्या सुईसारख्या अवयवाने आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. टोचल्याची खूण टाचणीच्या टोकाएवढी असते, त्यामुळे चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालेले फळ झेल्याने (टोकाला जाळी असलेल्या काठीने) उतरवताना ती डोळ्यांना दिसत नाही. अंडी एकदोन दिवसांत उबतात आणि आळ्या साधारण आठवडाभर, कधी त्याहून थोड्या अधिक काळ, गर खात वाढतात. आंबा भाताच्या पेंढ्यातील आढीत पिकण्याचा काळही जवळजवळ हाच असतो. म्हणजे ज्या दिवसांत फळात सुवास घडत असतो, त्याच दिवसांत आत आळी असते.

आमच्याकडे आढी उघडण्याचे काम आई करते. पेंढ्याचा वरचा थर बाजूला सारण्याच्या आधीच ती थांबते आणि म्हणते, "यात माशीचा आंबा आहे." मग एकेक फळ हातात घेऊन देठाजवळ वास घेत ती नेमके ते फळ बाजूला काढते. पुष्कळदा ते वरून निर्दोष, सोनेरी आणि टणक असते. कापल्यावर मात्र कोयीपर्यंत आळ्यांनी पोखरलेला पाणचट गर निघतो. तिच्या नाकाला आधी काय कळते, हे समजून घेण्याचा मी प्रयत्न केला, आणि सापळ्याचे गुणदोषही मला त्यातूनच नीट उमगले.

हापूसचा सुवास हा एका द्रव्याचा वास नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००९च्या सुमारास हापूसच्या गंधद्रव्यांचा टप्प्याटप्प्याने अभ्यास केला. कच्च्या फळापासून पिकल्या फळापर्यंत टर्पीन गटातील द्रव्यांचे प्रमाण सर्वाधिक असते; कैरी मोडल्यावर येणारा हिरवा, चिकासारखा उग्र वास मुख्यत्वे त्यांचा. लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या गटांतील द्रव्ये मात्र फळ पिकू लागल्यावरच दिसू लागतात. प्रमाणाने ती थोडी असली तरी माणसाच्या नाकाला अत्यंत कमी मात्रेतही जाणवतात. ओल्या खोबऱ्याची, सायीची आठवण करून देणारी जी स्निग्ध गोडी हापूसच्या वासात असते ती लॅक्टोनांची, आणि साखर नुकती करपू लागल्यावर येतो तसा गोड दरवळ फ्युरॅनोनांचा. लॅक्टोन मेदाम्लांपासून तयार होतात, तर फ्युरॅनोनांची घडण शर्करेपासून निघालेल्या संयुगांतून होते. दोन्ही कामे जिवंत, शाबूत पेशींतील विकरे (एन्झाइम) क्रमाने करत असतात आणि त्यांना वेळ लागतो. आढीतले आठदहा दिवस त्यासाठीच असतात, आणि म्हणूनच घाईने पिकवलेल्या हापूसला रंग असतो पण दरवळ नसतो.

माशी टोचते तेव्हा या क्रमात अनेक अंगांनी बिघाड होतो. जखम झालेल्या फळातून इथिलीन वायू अधिक सुटतो, त्यामुळे टोचलेला भाग उरलेल्या फळाच्या आधी पिकू लागतो. बंद आढीत त्या वायूने शेजारची फळेही वेळेआधी वळतात. अंड्यांबरोबर मादीच्या शरीरातील जिवाणू फळात उतरतात. आळ्यांनी पेशी फोडल्या की मोकळी झालेली साखर जिवाणूंच्या आणि यीस्टच्या हाती लागते आणि तिथे इथाइल अल्कोहोल, इथाइल ॲसिटेट, ॲसेटिक आम्ल ही आंबण्यातून निघणारी द्रव्ये तयार होतात. आईच्या नाकाला लागणारा किंचित ताडीसारखा, टोचरा वास हाच असावा असे मला वाटते. ज्या गरात लॅक्टोन घडायचे तो गर आळीच्या पोटात गेलेला असतो, आणि जो उरतो त्याचा सुवास या आंबूस वासाखाली दबून जातो. अशा फळाचा किडका भाग कापून टाकून उरलेला खाल्ला तरी त्यात हापूस सापडत नाही. तो नुसता गोड आंबा असतो.

फळ मात्र हे निमूटपणे सोसत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चिनी अभ्यासात असे आढळले, की याच माशीच्या अंड्यांवरील काही जिवाणूंमुळे फळात बीटा-कॅरिओफिलीन हे द्रव्य वाढते आणि त्याचा वास आल्यावर दुसऱ्या माद्या तिथे अंडी घालण्याचे टाळतात. सफरचंदाच्या बागांतील कॉडलिंग पतंगाची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्या अळ्यांना सफरचंदाच्या सालीतील अल्फा-फार्नेसीन हे द्रव्य ओढून आणते, आणि अळी लागलेल्या फळातून तेच द्रव्य अधिक प्रमाणात सुटते. एका फळात किडीने बदललेला वास येणाऱ्याला परतवतो, तर दुसऱ्यात बोलावतो. म्हणून गंधावर चालणारे कोणतेही साधन घेताना ते कोणत्या फळासाठी, कोणत्या किडीसाठी आणि किडीच्या कोणत्या अवस्थेसाठी बनवले आहे, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आता मादी आंब्यावर येते कशी, ते पाहू. २०१४ साली बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की अंडी घालण्यास तयार झालेली मादी गॅमा-ऑक्टालॅक्टोन या द्रव्याला उपजतच ओळखते. पूर्वी कधी आंब्याशी संबंध न आलेली मादीसुद्धा त्याचा वास लागलेल्या जागी अंडी घालू पाहते. गॅमा-ऑक्टालॅक्टोन हा हापूसच्या त्याच खोबरेल, स्निग्ध सुवासाचा एक घटक आहे. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ सुन्न होतो. ज्या गुणासाठी आपण हा आंबा पिढ्यानपिढ्या कलमे बांधून जपला, तोच गुण माशीला अंडी घालण्याची जागा दाखवतो. फळ जितके तयार तितके ते तिला अधिक ओढते, आणि झाडावर पिकू दिलेल्या आंब्यावर माशी सर्वात जास्त का लागते याचे कारणही यात सापडते.

सापळ्यातील वडीचा गंध याहून पूर्णपणे वेगळा आहे. मिथिल युजेनॉलला लवंगेशी नाते सांगणारा उबदार वास आहे आणि हे द्रव्य तुळशीसारख्या अनेक वनस्पतींत निसर्गतःच आढळते. त्याचा शोधही आपल्या देशातच लागला. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेतले कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हॉवलेट यांच्या एका शेजाऱ्याने डासांसाठी रुमालावर सिट्रोनेला तेल शिंपडले, तेव्हा त्यावर फळमाश्या गोळा झाल्या. हॉवलेट यांनी १९१२ साली हे निरीक्षण नोंदवले आणि १९१५ साली मिथिल युजेनॉल या घटकाकडे बोट दाखवले. येणाऱ्या माश्या सगळ्या नर आहेत, हेही त्यांच्या लक्षात आले होते. नर हे द्रव्य चाटतात, त्याचे शरीरात रूपांतर करून साठवतात आणि पुढे तोच गंध माद्यांना आकर्षित करण्यासाठी वापरतात. दुकानात आणि शेतीच्या मासिकांत याला सर्रास कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नराला ओढणारा सापळा, म्हटले जाते, पण वडीचा वास मादीचा नाही, वनस्पतीचा आहे. हा शब्दांचा कीस नव्हे. कामगंध म्हटले की विकणारा आणि घेणारा दोघेही असे धरून चालतात, की सापळा टांगला म्हणजे फळाला संरक्षण मिळाले. प्रत्यक्षात फळाला टोचणाऱ्या मादीला या वासाशी काही देणेघेणे नसते.

पहिल्या वर्षी मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सहा सापळे टांगले. एका दुकानातून आणलेल्या वड्यांपैकी निम्म्या क्यू-ल्यूरच्या निघाल्या, म्हणजे काकडी, कारली, दोडका यांवरील माशीसाठी असलेल्या. पाकिटावर केवळ 'फळमाशीसाठी' एवढेच छापलेले असल्याने मला फरक कळला नाही, आणि ते सापळे तीन आठवडे जवळजवळ रिकामे राहिले. उरलेल्या तीन सापळ्यांत मात्र पहिल्याच दिवशी माश्या दिसू लागल्या आणि आठवड्याने तळ झाकला गेला. ते पाहून मला मोठे समाधान वाटले. मग मेच्या मध्याला वळवाचा पाऊस झाला, त्यानंतर उतरवलेल्या आंब्यात आळी निघाली, आणि शेवटच्या तोडणीतील बराचसा माल आम्हाला कॅनिंगला द्यावा लागला. सापळे भरलेले होते आणि आंबे किडके होते.

यात सापळ्याचा दोष किती आणि माझा किती, याचा मी नंतर शांतपणे विचार केला. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे नर निम्मे झाले तरी फळणाऱ्या माद्या निम्म्या होत नाहीत. जवळजवळ सगळे नर संपले तरच पुढची पिढी खुंटते. प्रशांत महासागरातील रोटा या बेटावर १९६०च्या दशकात मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशक यांच्या साहाय्याने ही माशी समूळ नष्ट करण्यात आली, पण ते चहूबाजूंनी समुद्र असलेले लहान बेट होते आणि काम संपूर्ण बेटावर एकाच वेळी झाले होते. आमच्या बागेच्या एका बाजूला रायवळ आंब्याची राखण नसलेली झाडे आहेत, दुसऱ्या बाजूला पेरू आहेत, आणि तिकडून जुगून आलेल्या मादीला माझ्या कुंपणाची किंवा सापळ्याची अडचण नव्हती. शिवाय मी सापळे लावले तोवर हंगाम अर्धा सरत आला होता.

दुसऱ्या वर्षी म्हणून चार गोष्टी बदलल्या. सापळे फेब्रुवारीअखेर, फळ सुपारीएवढे असतानाच टांगले. वाडीतील आणखी पाच बागायतदारांना तयार करून सलग पट्ट्यात ते लावले. त्यांपैकी एका काकांनी सुरुवातीला नकार दिला होता, पण पहिल्या आठवड्याचा सापळा उघडून दाखवल्यावर त्यांनी स्वतःहून बारा विकत घेतले. गळलेला प्रत्येक आंबा दर दोन दिवसांनी गोळा करून दोन फूट खोल पुरला, कारण वाढ पूर्ण झालेली आळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि तिथूनच नवी माशी निघते. आणि उशिराच्या तोडणीसाठी राखलेल्या फळांना, ती अंड्याएवढी असताना, वर्तमानपत्राच्या कागदाच्या पिशव्या घातल्या. फळाला पिशवी घालण्याची ही शिफारस दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची आहे. 'रक्षक' नावाचा फळमाशी सापळाही त्याच विद्यापीठाने विकसित केला आहे.

या वर्षी मेच्या शेवटच्या तोडणीत आळीचा आंबा निघाला, पण पेटीला एखादा. पिशवीतल्या फळांत तर तो एकही निघाला नाही. याचे सगळे श्रेय मी सापळ्याला देणार नाही. माझ्या मते सर्वाधिक उपयोग गळलेली फळे पुरण्याचा आणि पिशव्यांचा झाला. सापळ्याने दुसरे मोलाचे काम केले, ते म्हणजे माशी कधी वाढू लागली हे त्याने मला दिवस मोजून सांगितले. मार्चमध्ये सापळ्यात आठवड्याला मोजता येतील एवढ्याच माश्या पडत होत्या, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्या एकाएकी वाढल्या, आणि त्यावरून आम्ही कोणत्या कलमांची तोडणी आधी उरकायची ते ठरवले. ही सूचना मला दुसऱ्या कोणत्याही साधनाने एवढ्या स्वस्तात मिळाली नसती.

सापळ्याच्या बनावटीबद्दल माझ्या काही तक्रारी आहेत. झाकणाचे प्लॅस्टिक उन्हाने दुसऱ्या हंगामात तडकले आणि दोन सापळे बाद झाले. तळाला पाणी निघून जाण्यासाठी छिद्र नसल्याने वळवाच्या पावसात मेलेल्या माश्या कुजल्या. मी तापवलेल्या सुईने बारीक छिद्रे पाडली. टांगण्याच्या तारेवरून मुंग्या उतरतात आणि पडलेल्या माश्या उचलून नेतात, त्यामुळे मोजणी चुकते. तारेला ग्रीस लावल्यावर हा त्रास थांबला. ग्रीस फक्त तारेला लावावे, फांदीला नाही, कारण पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या झाडावर असणे हिताचे असते. आफ्रिकेतील बेनिन या देशात आंब्यावर झालेल्या अभ्यासात असे दिसले आहे, की या मुंग्या जिथे वावरून गेल्या आहेत त्या फळावर फळमाशी अंडी घालायला कचरते.

वडीविषयी विशेष काळजी घ्यावी. आपल्याकडील प्रचलित कृतीनुसार प्लायवूडचा तुकडा अल्कोहोल, मिथिल युजेनॉल आणि मॅलॅथिऑन यांच्या ६ : ४ : १ या प्रमाणातील मिश्रणात भिजवतात, म्हणजे वडीत कीटकनाशकही असते. त्याशिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली मिथिल युजेनॉलचा समावेश माणसात बहुधा कर्करोग निर्माण करू शकणाऱ्या द्रव्यांच्या गटात केला आहे. वास सुखद असल्याने वडी हातात घेऊन नाकाशी नेण्याचा मोह होतो, आणि मुलांना तर तो हमखास होतो. हातमोजे घालूनच वडी बदलावी, पाकिटे आंब्याच्या खोलीत ठेवू नयेत आणि वापरलेली वडी बागेत फेकू नये. आमच्याकडे एक वडी साधारण दीड महिना चांगली चालली; त्यानंतर माश्या कमी दिसू लागल्या तर माशी घटली असे समजू नये, आधी वडी बदलून पाहावी.

ज्यांची फक्त दोनचार झाडे परसात आहेत त्यांना मी हा सापळा घ्या असे म्हणणार नाही. त्यांनी पिशव्या घालाव्यात. घरातल्या टोपलीतल्या आंब्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांसाठीही तो निरुपयोगी आहे, कारण ती चिलटे वेगळ्या जातीची असतात आणि त्यांना आंबलेल्या फळाचा वास ओढतो, मिथिल युजेनॉलचा नाही. मोठ्या बागांनी मात्र तो घ्यावा, आणि जे निर्यातीचा विचार करतात त्यांनी तर नक्कीच. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली ती पेट्यांत फळमाश्या सापडल्यामुळे. जानेवारी २०१५ मध्ये ती उठली, पण तेव्हापासून तिकडे जाणारे फळ ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवणे हा नेहमीचा उपचार होऊन बसला आहे. आत एकही अंडे नसलेल्या आंब्यालाही त्यातून जावे लागते. आढीत हळूहळू सुवास धरणाऱ्या फळाला तासभर कढत पाण्यात बुडवण्याची वेळ यावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

येत्या हंगामासाठी मी बारा नव्या वड्यांची मागणी नोंदवली आहे, आणि या वेळी प्रत्येक पाकिटावर 'मिथिल युजेनॉल' हे नाव, भरल्याची तारीख आणि कीटकनाशकाचे नाव छापलेले असल्याशिवाय माल घेणार नाही, असे दुकानदाराला आधीच सांगून ठेवले आहे. सापळे जुनेच वापरणार आहे; तडकलेल्या दोन झाकणांच्या जागी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या कापून बसवल्या, आणि त्या तितक्याच चांगल्या चालतात.